इनोव्हा ते ब्रेझा : राजारामपुरीतल्या एका घराचा हिशेब

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरातलं हे प्रकरण. घर कोल्हापूरच्या राजारामपुरीत. दाजी ६६ वर्षांचे, साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. अक्का ६१. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळूरला. दारात २०१२ ची टोयोटा इनोव्हा, अडीच लिटर डिझेल, १ लाख ७२ हजार किलोमीटर चाललेली. ती ठेवायची की विकून लहान गाडी घ्यायची, एवढाच प्रश्न होता. मी चाळीस वर्षं उद्यमनगरातल्या फौंड्रीत कॉस्टिंगचं काम केलं, त्यामुळं हिशेब माझ्याकडं आला. तो मी मन लावून केला आणि पहिलं उत्तर चुकीचं काढलं. ते कुठं चुकलं हे लिहून ठेवायला हवं, कारण माझ्या वयाच्या कितीतरी मित्रांच्या दारात आज हीच गाडी आणि हाच प्रश्न उभा आहे.

गाडीनं केलेलं काम

परदेशात मोठ्या कुटुंबाला लांब पाठीची इस्टेट गाडी लागते. आपल्याकडं ते काम इनोव्हानं केलं. दाजींचे वडील शेवटची तीन वर्षं व्हीलचेअरवर होते. मागची सीट दुमडून खुर्ची आत, शेजारी दोन माणसं आणि दवाखाना. गारगोटीकडच्या शेतावरून घनसाळ तांदळाची पोती यायची, गुऱ्हाळ सुरू झालं की गुळाचे रवे. मुलीच्या लग्नात रुखवत याच गाडीतून गेलं. गळीत हंगामात रात्री-अपरात्री कारखान्यातून फोन आला, की दाजी हीच गाडी काढायचे. म्हणून "विकूया" हा शब्द त्या घरात सहज निघत नव्हता. निघाला की अक्का उठून स्वयंपाकघरात जायची.

विषय पहिल्यांदा काढला तो मुलानं, २०२४ च्या दिवाळीआधी. दाजी म्हणाले, "पावणं, तुम्ही बघा काय ते. आकडा सांगा, मी तसं करतो."

मी त्यांना एक वही दिली. प्रत्येक फेरीची तारीख, कुठं गेलात, किती माणसं, किती किलोमीटर. दाजी प्रयोगशाळेतले. त्यांनी दसऱ्यापासून पुढच्या ऑगस्टअखेरपर्यंत एकही दिवस चुकवला नाही.

अकरा महिन्यांत २०३ फेऱ्या, ६,१४० किलोमीटर. त्यातल्या १६१ फेऱ्या एका बाजूला सहा किलोमीटरच्या आतल्या: बँक, कपिलतीर्थ मार्केट, दातांचा दवाखाना, रंकाळ्यावर फिरायला, एखादं लग्नकार्यालय. १८१ फेऱ्यांत गाडीत एक किंवा दोन माणसं. पाचाहून जास्त माणसं बसली ती वर्षात फक्त सहा दिवस: दिवाळीत तीन, जोतिबाला एक, इचलकरंजीच्या लग्नाला एक, गावाकडं दिवसकार्याला एक. पोती आणायला चार फेऱ्या.

माझा पहिला हिशेब

इनोव्हा ठेवली तर टायमिंग बेल्ट, क्लच, पुढचं सस्पेन्शन आणि चार टायर, मिळून सव्वा लाखाच्या आत. २०२७ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षं भरणार. त्यानंतर तपासणी करून घेऊन पाच वर्षांची मुदतवाढ मिळते. मोटारीसाठी ती फी २०२२ पासून ५,००० रुपये आहे, वर हरित कर. दिल्लीचा दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांचा नियम कोल्हापुरात लागू नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण जुन्या गाड्यांचे दोन एजंट त्याच नियमाची भीती घालून किंमत पाडायला बघत होते.

नवी गाडी घेतली तर ऑन-रोड चौदा लाखांच्या घरात. इनोव्हाचे साडेपाच आले असं धरलं, तरी साडेआठ लाख ठेवीतून मोडायचे. कारखान्याच्या नोकरीतलं पेन्शन किती असतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या आकड्याचं वजन कळेल. दाजींचं घर ठेवींच्या व्याजावर चालतं.

आणि इंधन? इथं बहुतेकांचा समज फसतो. इनोव्हा गावात लिटरला साडेदहा द्यायची. पेट्रोलवरची ऑटोमॅटिक छोटी एसयूव्ही गावातल्या गर्दीत बाराच्या आसपास देते. डिझेल नव्वदीत, पेट्रोल शंभराच्या थोडं वर. भागाकार केला तर दोन्हीकडं किलोमीटरला पावणेनऊ रुपयांच्या जवळपास. गावातल्या वापरात इंधनाची बचत जवळजवळ शून्य.

म्हणून मी सांगितलं, गाडी ठेवा. सव्वा लाख घाला, पाच-सहा वर्षं काढा. दाजींना बरं वाटलं. चहा झाला. अक्का वही चाळत होती. ती म्हणाली, "तुझ्या या वहीत माझं नाव कुठं आहे रे?"

मी म्हणालो, आहे की, "दोन माणसं" लिहिलंय तिथं तू आहेसच.

"बसणारीचं नाव नव्हं. मला लायसन्स हाय. मी किती वेळा चालवली, ते कुठं लिहिलंय?"

एकदाही नाही. १९९८ मध्ये मारुती ८०० वर शिकलेली बाई, २०१२ पर्यंत मुलांना शाळेत, क्लासला, पोहायला नेणारी. इनोव्हा आली आणि तिचं चालवणं थांबलं. कुणी मनाई केली नव्हती. साडेचार मीटरहून लांब गाडी, चढून बसायची सीट, जड क्लच, मागचं काही दिसत नाही. दोनदा प्रयत्न केला, गल्लीत वळवताना समोरच्या घराचा कट्टा घासला, आणि तिनं चावी खिळ्याला अडकवली ती कायमची. लायसन्स मात्र दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहिली.

मग तिनं दुसरी वही आणली. घरखर्चाची. त्यात रिक्षा हा रकाना होता. त्याच अकरा महिन्यांत ४७ वेळा रिक्षा. भिशी, महाद्वार रोडवरची खरेदी, माहेरच्या चुलतीला बघायला, भजनी मंडळ. गाडी दारात आणि बाई रिक्षात. शिवाय जाणं रद्द केलं त्या वेळा कुठल्याच वहीत नव्हत्या.

तिच्यासमोर बसून मी दाजींची वही पुन्हा वाचली. आता दुसरी एक गोष्ट दिसली, जी आधी माझ्या नजरेतून निसटली होती. शेवटच्या सहा महिन्यांत संध्याकाळी सातनंतरच्या फेऱ्या फक्त चार. आधीच्या पाच महिन्यांत तेवीस होत्या. विचारल्यावर दाजी म्हणाले, समोरच्या गाड्यांचे दिवे हल्ली लई डोळ्यांवर येतात. पुढं मोतीबिंदू निघाला. म्हणजे घरातला एकमेव चालक रात्रीचं चालवणं आपोआप कमी करत होता, आणि मी मात्र त्याच एका चालकावर पाच-सहा वर्षांचा हिशेब मांडून मोकळा झालो होतो. मी गाडीचं आयुष्य मोजलं, चालवणाऱ्याचं मोजलं नाही.

निवड

प्रश्न बदलला की उत्तरं भराभर पुढं आली. दोघांनाही चालवता येईल अशी गाडी, एवढीच अट.

डिझेल पहिल्याच दिवशी बाद. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमातल्या) डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला गाडी अधूनमधून सलग, जरा वेगात पळवावी लागते. ज्यांच्या १६१ फेऱ्या सहा किलोमीटरच्या आतल्या, त्यांचा फिल्टर भरत राहणार आणि डॅशबोर्डवर दिवा लागणार. जुन्या इनोव्हाला ही भानगड नव्हती, म्हणून दाजींना ते आधी पटेना. सीएनजीही बाद: डिकी टाकीत जाते, आणि जी मॉडेलं आम्ही बघितली त्यांत सीएनजीबरोबर ऑटोमॅटिक मिळत नव्हतं. दाजींचा डावा गुडघा बघता ऑटोमॅटिक हवंच होतं.

आकाराबद्दल एक गोष्ट टेप घेऊन मोजल्यावरच कळली. छोटी एसयूव्ही लांबीला छोटी असते, रुंदीला नाही. इनोव्हा ४,५८५ मिलिमीटर लांब आणि साधारण १,७६५ रुंद. टाटा नेक्सॉन ३,९९५ लांब, पण १,८०४ रुंद. मारुतीची ब्रेझा १,७९० रुंद. म्हणजे फाटकातून आत घेताना दोन्ही बाजूंना जागा उलट थोडी कमीच. मिळतात ते लांबीतले जवळजवळ दोन फूट, आणि आमच्या गल्लीत वळवताना तेच कामाचे. ज्यांचं फाटक जुनं, अरुंद आहे त्यांनी शोरूमला जायच्या आधी फाटक मोजावं, तेही आरसे उघडे धरून.

चार मीटरची ही मर्यादा करामुळं आली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यापुढच्या गाड्यांवर ४०. त्या वर्षी घटस्थापना त्याच दिवशी होती आणि शोरूमांत पाय ठेवायला जागा नव्हती. माझा जीव साहजिकच १८ टक्क्यांत अडकला. अशा तीन गाड्या आम्ही बघितल्या. एकीत गिअर आपोआप पडताना मानेला हलका झटका बसायचा. दाजींना मणक्याचा त्रास आहे, त्यांनी चौकापर्यंत जाऊन गाडी परत आणली. दुसरीत काचा अरुंद आणि मागची बाजू चढती, अक्काला खांद्यावरून बघितल्यावर खांबच दिसायचा. तिसरी दोघांना आवडली होती, पण बसताना डोकं वाकवावं लागत होतं.

ब्रेझाचं पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचं. लांबी चारच्या आत असूनही कर ४० टक्के. मी ती यादीतही घातली नव्हती. घातली अक्कानं, कारण शेजारच्या डॉक्टरीणबाईंची तिनं बसून बघितली होती. सीट तिच्या मांडीच्या मध्याला येते, म्हणजे चढायचं नाही आणि खाली रुतायचंही नाही, फक्त सरकायचं. बॉनेट सपाट, स्टिअरिंगवरून त्याचा कोपरा दिसतो. गिअरबॉक्स सहा गतींचा, टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे ओढ तेलातून पोचवणारा, त्यामुळं झटका नाही. मी कराचा फरक मांडून दाखवला. दाजी म्हणाले, "पावणं, सवलत मिळाली म्हणून तिला न दिसणारी गाडी घ्यायची काय?"

टेस्ट ड्राइव्हला सेल्समन महामार्गाकडं न्यायला बघत होता. तिकडं कुठलीही गाडी चांगलीच चालते. आम्ही गाडी घरी आणवली, गल्लीत वळवली, उतारावरून उलटी फाटकात घेतली. ते सगळं अक्कानं केलं, तेरा वर्षांनी. पहिल्यांदा गाडी तिरकी झाली, पुन्हा बाहेर काढली, पुन्हा घेतली. दाजी फाटकाशी हात मागं बांधून उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्यासाठी ते किती अवघड होतं हे मला माहीत आहे. उतरल्यावर अक्का म्हणाली, "मी चालवतो. हीच घ्या." गाडी दिवाळी पाडव्याला घरी आली.

विकताना

शोरूमनं एक्स्चेंजमध्ये पावणेपाच लाख सांगितले. बाहेर सहा दिवसांत दोन गिऱ्हाइकं आली. एकानं पाच ऐंशी दिले असते, पण बोलता बोलता कळलं की गाडी वडापला लावायची आहे. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून भाड्यानं प्रवासी नेणं बेकायदा, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. शिवाय तो म्हणत होता, "नावावर करायचं बघू निवांत." इथं मी आडवा पडलो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय, की गाडी विकली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच अंगावर येईल. साध्या कागदावर सही घेऊन चावी देणाऱ्यांनी हे घरात मोठ्यानं वाचावं. शेवटी राधानगरीकडच्या एका सात माणसांच्या कुटुंबाला पाच साठला दिली. फॉर्म २९ आणि ३० भरून, नाव बदलल्याचं ऑनलाइन दिसेपर्यंत मी मागं लागून होतो. फास्टॅग त्याच दिवशी बंद केला.

विम्याचं मात्र बहुतेकांच्या हातून सुटतं. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. दाजींनी सलग कितीतरी वर्षं दावा केला नव्हता, म्हणजे कमाल ५० टक्के सवलत त्यांच्या नावावर जमा होती. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून तसं पत्र घ्यायचं. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर तेवढी सूट मिळते. थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नाही. शोरूमनं दिलेल्या कोटेशनमध्ये हा बोनस शून्य धरला होता. पत्र दाखवल्यावर साडेबारा हजार कमी झाले.

सहा महिन्यांनंतर

अक्का पहिले पंधरा दिवस सकाळी सहाला शेंडा पार्ककडच्या मोकळ्या रस्त्यावर जायची. शेजारी दाजी नको, मी, हे तिनंच ठरवलं. नवरा शेजारी बसला की तिचा पाय ब्रेकवर राहतो, असं तिचं म्हणणं. सोळाव्या दिवशी एकटी गंगावेशीत जाऊन आली.

जानेवारीत दाजींच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तीन आठवडे चालवायचं नाही म्हणून सांगितलं. त्या तीन आठवड्यांत तपासणीच्या चार फेऱ्या, बँक, औषधं, सगळं अक्कानं केलं. एका रात्री दहाला दाजींचा डोळा ठणकायला लागला. मला फोन आला तो दवाखान्यातून निघताना. आधी असता तर घरातून आला असता, "ये आणि आम्हाला ने" म्हणून. माझ्या कॉस्टिंगमध्ये या फोनला रकाना नव्हता.

तोटेही आहेत, आणि ते लहान नाहीत. डिकी ३२८ लिटरची. तांदळाचं एक पोतं आणि दोन पिशव्या, संपलं. आता पोती गावाकडच्या टेम्पोतून येतात, आणि शेतावर जायचं एक निमित्त गेल्याची दाजींना रुखरुख आहे. पुण्याची चार माणसं आली की सगळे एका गाडीत मावत नाहीत. गावाकडच्या एका लग्नाला आम्ही भाड्याची इनोव्हा घेतली, वीस रुपये किलोमीटर आणि ड्रायव्हरचा भत्ता. वर्षातले ते सहा दिवस असे काढले तर चाळीस हजारांच्या आत बसतं. पण नातवंडं मागच्या सीटवर दंगा करत असताना दाजींनी आरशातून बघणं, ते भाड्याच्या गाडीत मिळत नाही. याची भरपाई मी काढू शकलेलो नाही.

घाटात दाजींना शिकावं लागलं. फेब्रुवारीत गणपतीपुळ्याला गेलो. आंबा घाट उतरताना ते सवयीनं ब्रेकवरच राहिले, कारण ऑटोमॅटिकमध्ये गाडी आपण होऊन खालच्या गिअरला धरून ठेवत नाही. साखरप्याच्या अलीकडं जळका वास आला. थांबलो, पंधरा मिनिटं चाकं निवू दिली. येताना चढाला स्टिअरिंगमागच्या पट्टीनं दुसरा गिअर धरून ठेवला, तेव्हा इंजिन ओरडलं, पण दमलं नाही. डिझेल इनोव्हाची खालची ओढ मात्र नाही, ते मान्य करायला हवं. ज्यांचं महिन्यातून दोनदा कोकणात जाणं-येणं आहे, त्यांना मी ही गाडी डोळे झाकून सांगणार नाही.

मागच्या बंपरला एक ओरखडा आहे. तो कुणी पाडला यावर घरात एकमत नाही.

दाजींचं लायसन्स २०२८ पर्यंत आहे, अक्काचं २०२९ पर्यंत. पंचावन्न वर्षांनंतर नूतनीकरण पाच वर्षांचंच होतं, सोबत डॉक्टरांचा दाखला. दाजींनी स्वतःहून सांगून टाकलंय, की डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत सातनंतर स्टिअरिंग तिच्याकडं.

वही अजून चालू आहे. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठेवली. आता तिच्यात पाचवा रकाना आहे, "कोण". पहिल्या सहा महिन्यांत १३८ फेऱ्या, त्यातल्या ६१ अक्काच्या. परवा गेलो तेव्हा शेवटची नोंद तिच्या अक्षरात होती: नरसोबाची वाडी, जाऊन-येऊन ९४ किलोमीटर, तिघी जावा, अक्का.